मॉल, मुले आणि आपला आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय गुरुजी,
सादर नमस्कार.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या आमच्या रविवारांवर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात आणि अमळनेरहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, दर आठवड्याला लेकरांना मॉलमध्ये नेणारे आईवडील त्यांना गिऱ्हाईक म्हणून वाढवतात. आपण आपल्या मुलांना शेतावर नेलेत, बोरी नदीच्या वाळवंटात खेळवलेत, आणि शिकल्यासवरलेल्या माणसांना परदेशात एवढेही सुचू नये याचे आपल्याला वाईट वाटले. मी मॉलची सोय तेवढी सांगितली, तिची किंमत सांगितली नाही, असेही आपण लिहिले आहे. हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पहिल्याबद्दल मात्र थोडे सांगायचे आहे.

तिकडे जानेवारीत पारा कित्येकदा उणे २० अंशांच्याही खाली जातो आणि वारा असला तर उघडी कातडी अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. थोरल्याच्या अंगावर कपड्यांचे तीन थर, त्यावर जाड कोट, टोपी, हातमोजे आणि बूट चढवायला पंधरा मिनिटे लागत, आणि बाहेर दहा मिनिटांत तो रडकुंडीला येई. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा दुपारी बारा ते पाच आपणही मुलांना उन्हात सोडत नाही. धाब्याच्या घरातल्या गार खोलीत निजवतो. तिकडे अशी दुपार चार महिने टिकते. त्या चार महिन्यांत, तान्ह्या मुलीला घेऊन, एकही पैसा न देता ऊब आणि माणसे मिळतील अशा जागा आम्हाला दोनच सापडल्या : सार्वजनिक वाचनालय आणि मॉल.

धाकटी चालायला मॉलमध्येच शिकली. दुकाने उघडण्यापूर्वी तिथले दरवाजे उघडतात आणि आसपासची वयस्कर मंडळी लांबलचक मार्गिकांतून फेऱ्या मारायला येतात. त्यांतल्या एक आजी प्रत्येक फेरी संपली की एका ठरावीक खांबाला तळहात टेकवत. तो खांब दिसला की आमची लेक माझे बोट सोडून झोकांड्या खात पुढे जाई, दोन्ही हातांनी त्यावर थाप मारी आणि आजींकडे वळून बघे. दुकानांची शटरे त्या वेळी बंद असत. तिच्या लेखी तो ओटाच होता, बाजार नव्हता.

ही जागा अशी का झाली, हेही इथे सांगायला हवे. आमच्या तिथल्या घराजवळच, एडिना या गावात, साउथडेल नावाचा मॉल आहे. १९५६ साली उघडलेला हा अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. १९३८ साली नाझींमुळे देश सोडून आलेला. मोटारीवाचून पाऊल न टाकता येणाऱ्या उपनगरांना व्हिएन्नासारखा चौक मिळावा, भोवती घरे, शाळा, दवाखाना आणि बाग असावी, असा त्याचा मूळ आराखडा होता. प्रत्यक्षात दुकाने आणि वाहनतळ तेवढे उरले, आणि उतारवयात त्याने स्वतःच या मॉलांशी असलेले आपले नाते नाकारले. गुरुजी, आपल्या आक्षेपाशी तो सहमत झाला असता, असे मला वाटते.

आणि मॉल हा पार नव्हे, हे मी त्याच गावांत राहून पाहिले. जवळच्याच ब्लूमिंग्टन गावातल्या ‘मॉल ऑफ अमेरिका’ या मॉलमध्ये १९९६ साली नियम आला की, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी सोळा वर्षांखालील मुलांसोबत मोठे माणूस हवेच. नियमामागे कारणे असतील. पण पारावर बसणाऱ्या पोराला कोणी वयाचा दाखला मागत नाही.

आता किंमत. पहिल्या हिवाळ्यात मी दर खेपेला मुलाला काहीतरी घेऊन देत असे, कारण हट्टापुढे माझे नाकी नऊ येत. पुढे एका रविवारी मेपल ग्रोव्हच्या हिंदू मंदिरात आम्ही दर्शन घेतले आणि बूट घालता घालता चार वर्षांच्या मुलाने विचारले, “आई, इथून काय घ्यायचं?” मी काहीच बोलू शकले नाही. आपण ज्याला गिऱ्हाईक म्हणता, ते त्या क्षणी माझ्यासमोर उभे होते, आणि मी हा प्रसंग लेखातून गाळला, ही माझी चूक. त्यानंतर आम्ही दुकाने उघडण्याआधी जाऊ लागलो आणि शटरे वर होऊ लागली की निघू लागलो. कपडेलत्ते घ्यायचे ते मुलांना घरी ठेवून, वेगळ्या दिवशी. हट्ट एका महिन्यात जवळजवळ थांबला.

सखाराम महाराजांच्या यात्रेतही लेकरू खेळण्यांच्या दुकानापुढे लोळण घेतेच, असे मी लिहिणार होते. पण यात्रा वर्षातून एकदा येते आणि मॉल दर आठवड्याला, त्यामुळे ती तुलना मी मागे घेते.

आता जळगावला परतल्यावर मुलांना कुठे नेता, असे आपण विचारले आहे. सकाळी मेहरूण तलावावर नेतो, आणि हिवाळ्यात तिथली बोरे हमखास खातो. मंदिरातला प्रसंग आणि आपला आक्षेप मी मूळ लेखाच्या शेवटी जोडत आहे. आपण वाचून कळवावे, ही विनंती.

आपली नम्र,
लेखिका