मलम देण्याआधी हात काय करतात ते विचारा

आज संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका औषध दुकानात एका तरुण गवंड्याने दोन्ही हात पुढे केले. पेरांवर भेगा होत्या आणि मनगटापर्यंत लाल चट्टे होते. दुकानदाराने एका शब्दाने चौकशी न करता स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब काढून दिली. "हात दिवसभर कशात असतात?" एवढे विचारायला किती वेळ लागतो? घरी येऊन तास झाला तरी माझा संताप उतरलेला नाही.

माझ्या आईच्या हातांनी असल्या ट्यूबा चार वर्षे सोसल्या. कुणी रक्त बिघडले म्हणाले, कुणी वांगे आणि तूरडाळ बंद करायला लावली, आणि ती माउली मुकाट्याने पथ्य पाळत राहिली. अखेर त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिचे हात उजेडात धरले आणि भेगा डाव्या हाताच्या अंगठ्यावर, तर्जनीवर व मधल्या बोटावरच का, असे विचारले. आई उजव्या हातात सुरी घेते आणि लसणाची पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात लसणाचा संशय कुणाला येणार! संशयित पदार्थ लावून पाठीवर चिकटवलेल्या पॅच टेस्टच्या पट्ट्या ४८ तासांनी काढल्या, दोन दिवसांनी पाठ पुन्हा तपासली, तेव्हा लसणातल्या डायअलिल डायसल्फाइडच्या जागी पुरळ उमटले होते. ही अॅलर्जी उशिरा उमटणारी असल्याने रक्ताच्या नेहमीच्या अॅलर्जी तपासणीत ती सापडत नाही. रबरी हातमोजे घालूनही आईचा त्रास का थांबला नव्हता, तेही तेव्हा उलगडले. हे द्रव्य बहुतेक हातमोज्यांतून आरपार जाते.

मलम नकोच असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मलमानेच आईची आग शमली होती. पण लसूण सोलणे थांबले, तेव्हाच भेगा कायमच्या मिटल्या.

त्या गवंड्याला मी पायरीवर गाठले. ओल्या सिमेंटच्या अल्कलीने कातडी भाजते आणि त्यातल्या षट्संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियम धातूच्या एका घातक रूपाची, अॅलर्जीही होते, हे त्याला आजवर कुणीच सांगितले नव्हते. फेरस सल्फेट मिसळून हे क्रोमियम निष्प्रभ करता येते आणि युरोपीय संघात २००५ पासून त्यावर २ पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांची, मर्यादा आहे. तिथल्या गवंड्यांचे हात हात, आणि आपल्यांचे काय?

त्याने शांतपणे विचारले, "आक्का, कारण कळून काय करू? काम सोडू व्हय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या घरी लसूण आता बाबा सोलतात, त्याच्या वाटचे सिमेंट कोण कालवणार?

तरीही मी पॅच टेस्टची माहिती दिली. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, असेही सांगितले. त्याने ट्यूब खिशात टाकली आणि म्हणाला, "दोन दिसाचा खाडा परवडतोय काय, बघतो."