टेस्टबेंचमधला क्लॉक आपोआप शून्यावरून सुरू होत नाही

"क्लॉक एका ओळीत: ऑलवेज #5 क्लॉक = ~क्लॉक. सुरुवातीची किंमत द्यायची गरज नाही, सिम्युलेटर शून्यच धरतो." व्हेरिलॉग म्हणजे डिजिटल सर्किटचं वर्णन लिहायची भाषा, टेस्टबेंच म्हणजे ते डिझाइन सिम्युलेटरवर तपासणारा कोड, आणि क्लॉक म्हणजे ठरावीक वेळेने 0-1 होणारा सिग्नल. मुलाखतीची तयारी म्हणून फिरणारी ही व्हेरिलॉगची पीडीएफ माझ्या भाचीपर्यंत पोचली आणि तिचा अख्खा रविवार वाया गेला.

गरज नाही कशी? आयईईई 1364 हे व्हेरिलॉगचं मूळ मानक (2009 पासून आयईईई 1800 मध्ये सामावलेलं). त्यात स्वच्छ लिहिलंय की रेगची (किंमत धरून ठेवणाऱ्या व्हेरिएबलची) सुरुवातीची किंमत एक्स, म्हणजे अज्ञात. ~ ने एक्स उलटवला की एक्सच मिळतो. #5 म्हणजे पाच वेळ-एककं थांबा, म्हणून ओळ दर पाच एककांनी चालते, पण क्लॉक जागचा हलत नाही आणि पॉझेज, म्हणजे क्लॉकची वर जाणारी कड, कधी येतच नाही. खरं नुकसान त्यापुढचं आहे. उत्तर तपासणारा कोड त्याच पॉझेजची वाट बघत थांबतो, #1000 नंतर सिम्युलेशन संपवणारं फिनिश येतं, आणि स्क्रीनवर एकही एरर नसते. पोरांना वाटतं डिझाइन पास झालं. अहो, तपासणीच झालेली नसते!

व्हेरिलॉगची विस्तारित आवृत्ती असलेल्या सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये क्लॉक 'बिट' म्हणून जाहीर केला तर तो शून्यावरून सुरू होतो आणि ती ओळ चालते, एवढं मान्य. पण पीडीएफमध्ये 'रेग' आहे.

पुढे पीडीएफ म्हणे #5 विधानाच्या आधी लिहा किंवा बरोबरच्या चिन्हानंतर, फरक नाही. फरक आहे. चिन्हानंतर (क्लॉक = #5 ~क्लॉक) लिहिलं की ~क्लॉक शून्य वेळेलाच मोजला जातो. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या इनिशियल ब्लॉकमध्ये क्लॉक = 0 लिहिलं असलं, तरी तो आणि ऑलवेज या दोन ब्लॉकपैकी आधी कोणता चालेल याची हमी हेच मानक देत नाही. ऑलवेज आधी चालला तर तो एक्स उचलतो, पाचव्या एककाला तोच शून्याच्या जागी बसवतो, आणि क्लॉक कायमचा अडकतो. त्यापेक्षा एकाच इनिशियलमध्ये आधी क्लॉक = 0 आणि मग फॉरएव्हर #5 क्लॉक = ~क्लॉक लिहा. वादच मिटतो.

"पिरियड/2 कुठेही चालतं" हेही चूक. पिरियड (क्लॉकच्या एका पूर्ण चक्राचा वेळ) 5 नॅनोसेकंद असेल तर पूर्णांकी भागाकारात 2 उरतात. 200 मेगाहर्ट्झ हवा असताना 250 मिळतो. 2.0 ने भागा. टाइमस्केल (वेळेचं एकक/अचूकता) मात्र 1 नॅनोसेकंद/1 पिकोसेकंद ठेवा, नाहीतर 2.5 चे 3 होतील.

दर आठ क्लॉकला येणारा एनेबल (काम सुरू करायचा इशारा देणारा सिग्नल) #80 ने मोजायचा सल्लाही सोडून द्या. पिरियड बदलला की तो चुकतो. रिपीट (8) @(पॉझेज क्लॉक) वापरा आणि किंमत <= ने द्या.