लकव्यानंतर ‘सव्वा महिना हलवू नका’ हा सल्ला चुकीचा आहे

अमळनेर-पारोळ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. लकवा झालेल्या माणसाला सव्वा महिना खाटेवरून हलवू नका, मेंदूची नस पुन्हा फुटते. तेल चोळलं की हात आपोआप येतो. तीन महिन्यांत आला नाही तर आशा सोडा. मी याच गावांत घरोघरी फिजिओथेरपी करते. या मेसेजपायी गेलेले दिवस मला आखडलेल्या खांद्यांत दिसतात.

‘नस फुटते’ म्हणे. बहुतेकांची नस फुटलेलीच नसते, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते. रक्तस्राव असेल तर डॉक्टर आधी बीपी आटोक्यात आणतात आणि कधी उठवायचं ते सांगतात. भीती अगदीच बिनबुडाची नाही, हेही सांगते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच देशांतल्या २,१०४ पेशंटच्या ‘अ‍ॅव्हर्ट’ अभ्यासात पहिल्या २४ तासांतच सुरू केलेल्या जास्तीच्या उठबशीने फायदा झाला नाही, उलट बरं होण्याचं प्रमाण घटलं. म्हणजे पहिल्या दिवशी घाई नको. पण तब्येत स्थिर झाली की एक-दोन दिवसांत थोडं थोडं, दिवसातून अनेकदा बसवायला, उभं करायला लागायचं. नुसतं पडून राहिलं तर पायात गुठळी होते, न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात. आणि उठवताना लुळा हात धरून ओढू नका हो! खांदा निखळतो.

तेल चोळा, बरं वाटतं. पण हाताला हुकूम मेंदूतून येतो. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, त्याचं काम दुसरे भाग शिकतात, आणि तेही पुन्हा पुन्हा करूनच. एका आजींचा उजवा हात गेला होता. रबरी चेंडू दाबायचा त्यांना कंटाळा यायचा. मग मी ताटात कापसाची बोंडं ठेवली. आयुष्यभर वेचणी केलेला हात तो. पहिले काही दिवस बोंड नुसतं ताटात गडगडायचं, आजी डाव्या हाताने ते परत पुढ्यात ओढायच्या. एका सकाळी अंगठा आणि तर्जनीत कापसाचा पुंजका अडकला, सुटून आला. ‘मना हात हालना!’ (माझा हात हलला!) म्हणून त्यांनी चुलीपाशी असलेल्या सुनेला हाक मारली.

त्यांचा तेव्हा चौथा महिना चालू होता. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, हे खरं. म्हणूनच त्यातला सव्वा महिना खाटेवर घालवणं महागात पडतं. पुढे वेग मंदावतो, पण सराव चालू असेल तर वर्षानंतरही फरक पडतो.

दवाखान्यातून सुट्टी घेताना दोन गोष्टी विचारल्याशिवाय निघू नका: घरी कोणता व्यायाम, दिवसातून किती वेळा? आणि गिळण्याची तपासणी झाली का? ती होईपर्यंत तोंडात पाण्याचा घोटही नको, तो छातीत उतरू शकतो.