लाल रेघ न येणाऱ्या चुका

ऑफिसात कुठलाही महत्त्वाचा इंग्रजी मेल जाण्याआधी "जरा नजर टाकतोस का?" म्हणून माझ्याकडे येतो. हे काम मला कुणी दिलं कोण जाणे. सुटत मात्र नाही. साध्या चुकांना कॉम्प्युटरच लाल रेघ मारतो. माझ्या वाट्याला येतात ते अस्सल, शुद्ध शब्द. फक्त ते भलत्या जागी बसलेले असतात.

परवा एका अहवालात 'आपण ग्राहक गमावत आहोत' असं सांगायचं होतं. 'लूझ'मध्ये एक 'ओ' जास्तीचा पडला आणि आम्ही ग्राहक मोकाट सोडायला लागलो. खर्चाच्या तक्त्यात 'स्टेशनरी'च्या 'ई'च्या जागी 'ए' पडला की होतो जागचा न हलणारा खर्च. आमचा तर दर महिन्याला धावतो.

"अर्थ कळला ना?" असं वर मलाच ऐकवतात. कळतो हो, पण दोन कळतात!

यातल्या बऱ्याच जोड्या म्हणजे वाटण्या झालेले सख्खे भाऊ. मध्ययुगात विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर. त्याचा माल ती 'ई'वाली स्टेशनरी. म्हणजे न हलणं दोघींच्या रक्तातच आहे. इंग्रजीत 'फ्लॉवर' म्हणजे फूल आणि 'फ्लार' म्हणजे पीठ, हाही मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्याचा सगळ्यात उत्तम भाग, म्हणून ते धान्याचं 'फूल'. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश निघाला, तोवरही ही वाटणी पुरती झालेली नव्हती.

'डिस्क्रीट'ची जोडी तेवढी माझी लाडकी. एकीत दोन 'ई' शेजारी बसतात, ती तोंड मिटून राहणारी. दुसरीत मधे 'टी' घुसून त्यांना वेगळं करतो आणि तिचा अर्थच 'सुटं सुटं'! इतका समंजसपणा इंग्रजीत सहसा सापडत नाही.

बाकी 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'पुढे मी हात टेकलेत. 'ए'वालं क्रियापद, परिणाम करणे; 'ई'वालं नाम, परिणाम, असं समजावून पाणी प्यायला उठावं, तर कुणीतरी हुशार विचारतोच, "मग 'ई'वालंही क्रियापद असतं, घडवून आणणे, त्याचं काय?" वर मानसशास्त्रवाल्यांनी 'ए'वाल्याचं नाम करून ठेवलंय ते वेगळंच. हल्ली मी सरळ दोन्ही खोडतो, तिथे 'चेंज' लिहितो आणि मेल पुढे ढकलतो.