झाकल्या मुठीची निवडणूक

आपल्या पक्षाची मते घसरली असतील, तिजोरीत खडखडाट असेल आणि उजवा हात समजला जाणारा सहकारी राजीनामा देऊन निघून गेला असेल, तरी वाचकहो, आपण मुळीच खचू नये. अशा वेळी देशाच्या नकाशावर भिंग धरून एखादे चिमुकले राज्य शोधावे आणि तेथे निवडणूक लागली आहे काय, ते पाहावे. १९३२ सरताना जर्मनीतील नाझी पक्षाची नेमकी अशीच अवस्था होती. जुलैमध्ये राइशटागात, म्हणजे जर्मन संसदेत, मिळालेल्या २३० जागा नोव्हेंबरमध्ये १९६ वर आल्या होत्या, सुमारे वीस लाख मते हातची गेली होती, ग्रेगोर श्ट्रासरने पदे सोडली होती आणि देणेकरी तगादा लावून बसले होते. तेवढ्यात हिटलरला लिप्पे सापडले. १५ जानेवारी १९३३ रोजी तेथे विधिमंडळाची निवडणूक होती.

राज्य निवडताना आकार पाहून निवडावा. लिप्पेचे क्षेत्रफळ जेमतेम १,२०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे, आणि मतदारही सव्वा लाखाच्या आत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती याहून नेमकी कोठे सापडणार? शिवाय राजधानी डेटमोल्डजवळच्या टेकडीवर हेर्मानचा भव्य पुतळा उभा आहे. रोमनांच्या तीन पलटणी इ.स. ९ मध्ये बुडवणारा हा वीर प्रचाराला येण्यास कधीच नकार देत नाही आणि मानधनही मागत नाही.

मग सारा पक्ष त्या तालुक्यात ओतावा. स्वतः हिटलरने सीमेलगतच्या ग्रेवेनबुर्ग येथील एका सरदाराच्या वाड्यात मुक्काम ठोकून दहा-अकरा दिवसांत पंधरा-सोळा सभा घेतल्या. गोबेल्स आणि गोअरिंगही त्या गावांतून फिरले. एरवी जेथे बैलबाजाराखेरीज गर्दी होत नसेल, तेथे राष्ट्रीय नेत्यांची अशी रीघ लागली म्हणजे शेतकरी निदान गंमत पाहायला तरी येतोच. सभागृहे अपुरी पडली, तर तंबू ठोकावेत. विरोधकांना एवढी फुरसत नसते. त्यांना उरलेला देश सांभाळायचा असतो.

परंतु खरे कौशल्य मतदानात नसून मोजणीनंतरच्या वजाबाकीत आहे, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. नाझी पक्षाला सुमारे ३९,००० मते आणि २१ पैकी ९ जागा मिळाल्या. नोव्हेंबरचा आकडा होता ३३,०००. त्याच्याशी तुलना केली की सहा हजारांची घोडदौड दिसते. जुलैचा आकडा होता ४२,०००. त्याच्याशी तुलना केली की तीन हजारांची पीछेहाट दिसते. तेव्हा जुलै हा महिना आपल्या पंचांगातून काढून टाकावा. सोशल डेमोक्रॅट पक्षाचीही मते नोव्हेंबरपेक्षा काही हजारांनी वाढली होती, पण त्या बिचाऱ्यांना ढोल वाजवण्याचे सुचले नाही. एकदा विजय ठरवला की तो इतक्या मोठ्याने सांगावा, की सुमारे साडेचार कोटी मतदारांच्या देशात हजारी तिघांनीही ज्या निवडणुकीत मत दिलेले नाही, तिलाच लोकांनी राष्ट्राचा कौल समजावे.

आता हा ढोल कोणासाठी वाजवायचा, हे ज्याला कळले नाही, त्याने या फंदात पडू नये. तो लिप्पेच्या शेतकऱ्यासाठी नसतोच. ४ जानेवारीला, प्रचाराच्या पहिल्याच दिवशी, हिटलर आधी कोलोनला बँकर श्र्योडरच्या घरी माजी चॅन्सेलर, म्हणजे माजी सरकारप्रमुख, फॉन पापेनला भेटला आणि मगच लिप्पेच्या सभेला गेला. निकालानंतर तीन दिवसांनी, १८ तारखेला, बर्लिनमधील नाझी पक्षाच्या रिबेनट्रॉपच्या घरी त्याने त्याच पापेनपुढे चॅन्सेलरपदाची मागणी पुन्हा ठेवली, ती या नव्या ३९,००० मतांच्या भरवशावर. दिवाणखान्यातील मंडळी सुशिक्षित होती आणि त्यांना वजाबाकी येत होती. पण ज्याला आपण खिशात घालू असे वाटत असते, त्याची मते पुन्हा मोजून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. ३० जानेवारीला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरला चॅन्सेलर नेमले.

राहता राहिले लिप्पेचे विधिमंडळ आणि त्या ९ जागा. निवडून आल्यावर रस्ते, शाळा, शेतसारा अशा कटकटी मागे लागतील, या भीतीने आपण हा मार्ग टाळत असाल, तर तीही चिंता नसावी. नेमक्या एका वर्षाने, ३० जानेवारी १९३४ रोजी, एका कायद्याने जर्मनीतील सर्व राज्यांची विधिमंडळेच रद्द करण्यात आली.