कोलेस्टेरॉलची गोळी बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात गुरुजी दुकानात आले आणि पिशवीतून चार स्ट्रिप्स काढून काउंटरवर ठेवल्या. "ह्या परत घेशील का रे? मी बंद केल्यात." ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी, 40 मिलिग्रॅम. दोन वर्षांपूर्वी गुरुजींना अटॅक आला, एक स्टेंट बसला, तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर ही गोळी चालू होती. "डॉक्टरांनी बंद करायला सांगितली का?" असं विचारलं, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. तोच मेसेज. या वर्षात तो मला दाखवणारे गुरुजी सहावे.

मेसेज बहुतेकांनी पाहिला असेल, तरी थोडक्यात सांगतो. कोलेस्टेरॉल हे औषध कंपन्यांनी उभं केलेलं थोतांड आहे. 2015 मध्ये अमेरिकेनेच ते कबूल केलं. मेंदू कोलेस्टेरॉलचाच बनलेला असतो, मग ते वाईट कसं. अटॅक आलेल्या निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं. गोळीने स्नायू झिजतात आणि साखर वाढते. रोज सकाळी दुधीचा रस घ्या, 21 दिवसांत ब्लॉकेज धुऊन निघेल. शेवटी नेहमीप्रमाणे, दहा जणांना पाठवा.

मी मेडिकल चालवतो. गोळ्या विकून माझं घर चालतं, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

अमेरिकेच्या कबुलीपासून सुरुवात करू, कारण गुरुजींना पटली ती तीच. तिथे दर पाच वर्षांनी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं निघतात. 2015 च्या आवृत्तीत अन्नातल्या कोलेस्टेरॉलवरची रोज 300 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा काढली, हे खरं आहे. पण ती ताटातल्या कोलेस्टेरॉलवरची होती. आपल्या रक्तात फिरणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. त्यामुळे अंड्यातल्या पिवळ्या बलकापेक्षा तूप, लोणी, वनस्पती तूप, पाम तेल यांतल्या संपृक्त चरबीने रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, जास्त वाढतं. म्हणून त्याच पुस्तिकेत संपृक्त चरबी रोजच्या उष्मांकांच्या 10 टक्क्यांखाली ठेवा, असं स्पष्ट लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य उचललं आणि हे सोडून दिलं. अंडं खुशाल खा, त्यावर माझा वाद नाही. पण अंड्याला मिळालेली सूट रक्तातल्या एलडीएलला मिळालेली नाही.

मेंदूचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मेंदूत कोलेस्टेरॉल भरपूर असतं, पण ते मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातले एलडीएलचे कण मेंदूत शिरतच नाहीत. रक्तातलं एलडीएल 150 वरून 60 वर आणलं म्हणून मेंदू उपाशी राहत नाही.

आता मूळ प्रश्न. रक्तातलं एलडीएल खरोखर अटॅक आणतं की ते नुसतं सोबत दिसतं? याचा पुरावा एकाच कंपनीच्या एकाच अभ्यासावर उभा असता, तर मीही शंका घेतली असती. पण तो वेगवेगळ्या दिशांनी आलाय, आणि त्यातल्या काही दिशांना गोळीचा संबंधच नाही.

टेक्सासमधल्या स्टॉर्मी जोन्स या मुलीचं उदाहरण घ्या. तिला जन्मतःच एक आजार होता. यकृताच्या पेशींवर एलडीएलला रक्तातून ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, ते तिच्याकडे कामच करत नव्हते. कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात. ती सिगारेट ओढत नव्हती, तिला बीपी नव्हतं, नोकरीचा ताण नव्हता. वय वर्षं सहा, आणि तेवढ्या वयात अटॅक येऊन गेलेला, बायपास झालेली. 14 फेब्रुवारी 1984 ला पिट्सबर्गमध्ये डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या चमूने तिला नवं हृदय बसवलं आणि त्याच वेळी नवं यकृतही. हृदयाच्या आजाराला यकृत कशासाठी? कारण नव्या यकृतावर ते ग्राहक होते. झालंही तसंच. कोलेस्टेरॉल हजारावरून तीनशेच्या खाली उतरलं. पोर पुढे तेराव्या वर्षापर्यंत जगली. हे ग्राहक शोधून काढणाऱ्या मायकल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. सहा वर्षांच्या मुलीला अटॅक कशाने आला, याचं उत्तर त्या मेसेजकडे नाही.

याच्या उलट टोकाचीही माणसं आहेत. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीय लोकांच्या एका जनुकात, पीसीएसके9 मध्ये, असा बदल असतो की त्यांचं एलडीएल जन्मापासून कमी राहतं. डॅलसच्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी 2006 मध्ये यांची 15 वर्षांची नोंद तपासून मांडली. एलडीएल इतरांपेक्षा सरासरी 28 टक्के कमी आणि हृदयधमन्यांचा आजार 88 टक्के कमी. त्या गटात बीपीवाले होते, मधुमेहवाले होते, सिगारेट ओढणारेही होते. त्यांना कुणी गोळी विकली नव्हती, की कुणी पथ्य सांगितलं नव्हतं. आयुष्यभर एलडीएल थोडं कमी राहिलं, एवढाच फरक.

मग गोळीने कमी केलं तर? 1994 मध्ये नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलंडमधल्या 4,444 हृदयरुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. अर्ध्यांना सिमव्हास्टॅटिन, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टरला माहीत नव्हतं आणि रुग्णालाही नव्हतं. साधारण 5.4 वर्षांनी मोजणी झाली: खोट्या गोळीच्या गटात 256 मृत्यू, खऱ्या गोळीच्या गटात 182. शंभरात बारा आणि शंभरात आठ. हा अभ्यास गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या पैशांवर झाला होता, हे लपवायचं कारण नाही. त्यानंतर ऑक्सफर्डने 20,536 लोकांवर अभ्यास केला, त्यात ब्रिटिश सरकारच्या संशोधन परिषदेचाही पैसा होता. निष्कर्ष त्याच बाजूचा आला. 2002 सालची ही गोष्ट.

शंभरात चार माणसं वाचली म्हणजे फार नाहीत, असं कोणाला वाटेल. ज्याला अटॅक येऊन गेलाय त्याच्यासाठी हा आकडा मोठा आहे. ज्याला काहीच झालेलं नाही, वय पस्तीस, बीपी-साखर नाही, तंबाखू नाही, त्याला होणारा फायदा याहून बराच कमी असतो, आणि अशा प्रत्येकाने गोळी घ्यावी असं मी म्हणत नाही, चांगले डॉक्टरही म्हणत नाहीत. मेसेजने हा फरक सांगितला असता तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता. पण तो स्टेंट बसलेल्या माणसालाही गोळी फेकून दे म्हणतो.

"निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं" हे वाक्य हवेतून आलेलं नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या 1,36,905 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. हृदयधमन्यांच्या आजाराने दवाखान्यात आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं एलडीएल 100 च्या खाली होतं. आता बघा, अपघात करणाऱ्या बऱ्याच चालकांनी दारू घेतलेली नसते, म्हणून दारू पिऊन गाडी चालवणं सुरक्षित ठरतं का? अटॅकची कारणं अनेक आहेत. 2004 मध्ये 52 देशांतल्या माणसांच्या अभ्यासात तंबाखू, साखर, बीपी, पोटाचा घेर ही सगळी सापडली, आणि चरबीच्या कणांचं बिघडलेलं प्रमाण त्यांत सर्वांत वर होतं. याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधी येतो असं दिसलं. म्हणजे आपल्याला. शिवाय दवाखान्यात आलेल्यांतले काही आधीपासून गोळीवर होते, आणि अटॅकच्या वेळी एलडीएल तसंही खाली येतं. आणि लॅबच्या कागदावर ज्याला नॉर्मल छापलंय, ते अटॅक येऊन गेलेल्याचं नॉर्मल नव्हे. त्याच्यासाठी हल्ली हृदयरोगतज्ज्ञ एलडीएल 55 च्या खाली आणायला सांगतात.

आता गोळीचा त्रास. इथे मी जरा थांबणार आहे, कारण काउंटरवर हीच तक्रार रोज ऐकतो आणि ती करणारा माणूस खोटं बोलत नसतो. पाय दुखतात, पोटऱ्या भरून येतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने अशाच 60 लोकांना घेतलं, ज्यांनी त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलं होतं. प्रत्येकाला बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चारांत खरी गोळी, चारांत खोटी, चार रिकाम्या. रोज मोबाइलवर त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी 8, खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4, खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. त्रास खरा होता, पण त्यातला नव्वद टक्के गोळी घेतोय या धास्तीचा होता. 2020 मध्ये हे छापून आलं. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

उरलेला दहा टक्के नाकारायचा नाही. स्नायूंना गंभीर इजा होते, पण दहा हजारांत एखाद्याला. अंग गळून गेलं आणि लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. साखर किंचित वाढते, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांत जास्त, म्हणून ती तपासत राहावी. आणि छातीच्या संसर्गासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर तुम्ही कोलेस्टेरॉलची गोळी घेता हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला जरूर सांगा. ही दोन औषधं एकत्र आली की स्नायूंचा धोका खरोखर वाढतो. मेसेजला लोकांची काळजी असती तर ही माहिती त्यात असती.

दुधीच्या रसाबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला गाळ नव्हे, की वरून काही ओतलं आणि वाहून गेलं. ते धमनीच्या भिंतीच्या आत, अस्तराखाली वाढतं. रसाने ते 21 दिवसांत जातं असं दाखवणारा एकही नीट केलेला अभ्यास नाही. उलट दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन हे विष असतं. रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाल्यामुळे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली, आणि कडू लागलेला रस अजिबात पिऊ नये असं तिने सांगितलं. आपल्या आया भाजी करण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघायच्या, तो याचसाठी. भाजी करा, हरभऱ्याची डाळ घालून करा, उत्तम आहे. गोळीच्या जागी मात्र तिला बसवू नका.

ज्यांना रसायन नको, नैसर्गिक हवं, त्यांना सांगतो, स्टॅटिन बुरशीतून आलंय. जपानच्या अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार बुरश्या तपासल्या आणि 1973 मध्ये तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं.

राहिला कंपन्यांचा पैसा. कंपन्यांवर आंधळा विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. व्हायॉक्स नावाची वेदनाशामक गोळी अटॅक वाढवते हे दिसल्यावर 2004 मध्ये जगभरातून मागे घ्यावी लागली. पण ते उघड झालं तेही खऱ्या आणि खोट्या गोळीच्या तुलनेतूनच, फॉरवर्डमधून नव्हे. ॲटोरव्हास्टॅटिनचं अमेरिकेतलं पेटंट 2011 मध्येच संपलं. आज कोणीही ते बनवतं, आणि जनऔषधी केंद्रात 10 मिलिग्रॅमची गोळी चहाच्या कपाहून स्वस्त पडते. माझ्या दुकानात एका प्रोटीन पावडरच्या डब्यावर जेवढे सुटतात, तेवढे या गोळीच्या कित्येक महिन्यांत सुटत नाहीत.

असे मेसेज निरुपद्रवी असतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी डेन्मार्कचा एक अभ्यास. स्टॅटिन घेणाऱ्या जवळपास पावणेसात लाख लोकांच्या सरकारी नोंदी होत्या. स्टॅटिनविरोधी बातम्या आल्या की गोळी लवकर सोडणारे वाढायचे. आणि ज्यांनी लवकर सोडली, त्यांच्यात अटॅकचं प्रमाण 26 टक्के जास्त निघालं.

गुरुजींना मी हे सगळं एका दमात सांगितलं नाही. एवढंच विचारलं, शेवटचा लिपिड प्रोफाइल कधीचा? पाच महिन्यांपूर्वीचा, एलडीएल 58. गोळी बंद करून दोन महिने झाले होते. म्हटलं, गुरुजी, आज पुन्हा रक्त द्या आणि रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. ते बंद करा म्हणाले तर मी एक शब्द बोलणार नाही. स्ट्रिप्स मी विकायला घेऊ शकत नव्हतो, म्हणून पाकिटात घालून, वर त्यांचं नाव लिहून ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

रिपोर्ट 139 आला. चौथ्या दिवशी गुरुजी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले आणि ते पाकीट घेऊन गेले.