बारमधला नाश्ता: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

रविवारच्या नाश्त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "चार बापे सकाळी सात वाजता बारमध्ये जाऊन बसतात आणि त्याचं कौतुक आम्ही वाचायचं? गावात दुसरी हॉटेलं नाहीत का? तरुण पोरं हे वाचतात. आणि घरच्या बाईने रविवारीही एकटीनेच स्वयंपाकघर सांभाळायचं का?"

दोन आठवडे थांबून उत्तर लिहितोय. तुमचा एक मुद्दा मला लागलाय आणि एक अजिबात पटलेला नाही.

न पटलेला आधी. पाटीवर 'परमिट रूम' लिहिलंय म्हणून सकाळी तिथे कोणी पीत बसलेलं नसतं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना लागतो, त्यावरून हे नाव पडलं. आम्ही जातो तेव्हा काउंटरचं शटर खाली असतं आणि चालू असते ती फक्त भट्टी. ती सकाळची का पेटायला लागली, हे मूळ लेखात सांगायला हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला निकाल दिला आणि १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगत ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. आमचं हे हॉटेल सुरत-नागपूर महामार्गाला खेटूनच आहे. एका रात्रीत धंदा बसला. आचारी आणि चार पोरं पगारावर होती. मालकाने त्यांना घरी पाठवलं नाही, पहाटे पाचला भट्टी पेटवली. ट्रकवाले, दूधवाले, बाजार समितीत माल घेऊन निघालेले शेतकरी थांबायला लागले. जुलैत न्यायालयाने नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना हा निकाल लागू नाही असं स्पष्ट केलं. हॉटेल हद्दीत होतं, बाटल्या परत आल्या. पण तोवर सकाळचं गिऱ्हाईक बांधलं गेलं होतं. ज्या माणसाने पडत्या काळात पाच घरांच्या चुली विझू दिल्या नाहीत, त्याच्याकडे मी पाटी बघून जाणं सोडणार नाही.

आता तुमचं "कौतुक कसलं" याबद्दल. सर, तुम्ही खान्देशातलेच, म्हणून सांगतो. आचारी शेवभाजीचा रस्सा सकाळी ताजा करतो. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजतो, लसूण, काळा मसाला, वर तर्री. शेव तो पातेल्यात कधीच टाकत नाही. ताट टेबलावर आलं की जाड तिखट शेव वरून पडते, आणि ती मऊ व्हायच्या आत पहिला घास घ्यायचा. दोन मिनिटं गप्पा मारल्या की शेवेचा लगदा. मे महिन्यात आम्ही पोहे आणि ताकावर भागवतो, कारण नऊ वाजता उन्हाचा चटका बसायला लागतो आणि दुपारी पारा ४४ वर जातो. खरी मजा हिवाळ्यात. भरताची मोठी हिरवी वांगी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ती, कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी बडगीत ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. मिक्सरमधून काढलेलं भरीत मला भरीत वाटत नाही, यावर माझं कुणाशीही भांडण होऊ शकतं.

आणि आता जे लागलं ते. "तरुण पोरं हे वाचतात."

आम्ही चौघं आधी तिथेच संध्याकाळी बसायचो. पंधरा वर्षं. त्यातल्या एकाची दारू हाताबाहेर गेली. शेत गहाण पडलं, लिव्हर सुजलं, दवाखाना झाला आणि त्याने सोडली. (हे त्याला विचारूनच लिहितोय.) सोडल्यावर पहिल्या वर्षी तो आम्हाला जवळजवळ दिसलाच नाही. आमच्या भेटी संध्याकाळच्या, आणि संध्याकाळी तो घराबाहेर पडायला घाबरायचा. दारू सुटली त्याची, आणि मित्रही आपोआप सुटले. हे आमच्या लक्षात यायला वर्ष लागलं, याची मला आजही लाज वाटते. मग आम्ही संध्याकाळ बंद केली आणि रविवारची सकाळ धरली.

त्याच हॉटेलात का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमची प्रतिक्रिया वाचून मी तो त्यालाच विचारला. तो म्हणाला, "मी आठे तुमले भेटाले येस, बाटलीले नही." (मी इथे तुम्हाला भेटायला येतो, बाटलीसाठी नाही.) मालकाने त्याला पहिल्या दिवशी काही न विचारता गुळाचा चहा दिला होता, ते तो विसरलेला नाही. तरीही सांगतो, दारू सोडलेल्या दुसऱ्या कोणाला मी बारच्या दारात चल म्हणणार नाही. याचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभेल असं नाही. मूळ लेखात यातलं काहीच नव्हतं, नुसतं रस्सा आणि हसणं होतं. तसं वाचून एखाद्या पोराला बार म्हणजे मैत्रीची जागा वाटू शकते. तिथे मी चुकलो. हा भाग आज त्या लेखात जोडतोय.

घरच्या बाईचं तुम्ही म्हणालात ते पूर्ण खरं आहे. मी सातला निघतो आणि ती साडेसहाला उठून मुलांचं आणि आईचं करते, हे मला आठ वर्षं दिसत होतं आणि मी बघत नव्हतो. तुमची प्रतिक्रिया तिला वाचून दाखवली. म्हटलं, तूही चल, फॅमिली रूम आहे. ती म्हणाली, "मला तुमच्यात येऊन बसायचं नाही. रविवारी मला आठपर्यंत झोपू द्या, आईंचा चहा तुम्ही करून जा, आणि येताना सगळ्यांसाठी भरीत आणा."

चहा करून निघालो, म्हणून मागच्या रविवारी मला पोचायला साडेसात झाले. मित्रांनी उशिराचं कारण विचारलं, मी सांगितलं. परवा गेलो तेव्हा टेबलाखाली चार डबे होते.